तासगावच्या पावण्याचा माग

मुजावरबाई प्लेटेचा वास घ्यायच्या. आता कुणी म्हणेल, घेईनात का! पण ही प्लेट म्हणजे जेवणाची ताटली नव्हे. आय.सी.यू.तल्या पेशंटच्या छातीतून काढलेला बेडका आम्ही त्या काचेच्या बशीत पसरायचो, उबेच्या कपाटात ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यात जंतू उगवलेले असायचे. पुस्तकं बजावून सांगतात, असल्या प्लेटेत नाक घालू नका. बाईही आम्हाला हेच बजावायच्या आणि स्वतः मात्र झाकण बोटभर उचलून, डोळे मिटून म्हणायच्या, "चौगुले, तासगावचं पावणं आलंय."

तासगावचं पावणं म्हणजे सुडोमोनास नावाचा जंतू. त्याला पिकल्या द्राक्षांसारखा गोडूस वास येतो, म्हणून तासगाव. दुसरा एक प्लेटेवर बुळबुळीत उगवायचा, तार काढली तर लांबायची, तो शेंबड्या. तिसरा दुर्बिणीखाली कायम जोडीनं दिसायचा, त्याला बाईंनी नवराबायको करून टाकलं होतं. रिपोर्टवर खरी लॅटिन नावं जायची, पण लॅबमध्ये हीच नावं. एकदा मुंबईहून आलेला एक नवा डॉक्टर दारात उभा असताना बाई मला म्हणाल्या, "शेंबड्याला बाहेर काढा." तो बिचारा मुकाट्यानं बाहेर गेला.

ही गोष्ट ऐंशी सालच्या मागच्यापुढच्या वर्षांतली. कोल्हापुरातलं ते एका ट्रस्टचं इस्पितळ. आज तिथं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे नाव सांगून कुणाला काही कळायचं नाही. मी तिथं लॅब टेक्निशियन. डॉ. झुलेखा मुजावर आमच्या प्रमुख. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात कायम एक लवंग, आणि अॅप्रनच्या आत पदर असा खोचलेला की वाटावं आता या कुणाला तरी लोळवणार. त्यांचे वडील पैलवानांचे लंगोट शिवायचे. पेठेतल्या तालमीतालमींतून त्यांच्याकडे माणसं यायची. बाई अभिमानानं सांगायच्या, "आमच्या अब्बांची शिवण कधी भर मैदानात उसवली नाही. माझाही रिपोर्ट उसवता कामा नये." असलं उदाहरण देणारी दुसरी डॉक्टरीण मी तरी पाहिली नाही.

बाई तशा शुद्ध बोलायच्या. चिडल्या की मात्र पेठ बाहेर यायची आणि मग समोरच्याची खैर नसायची.

त्यांची मेंढी सांगायलाच पाहिजे. प्लेटेत जंतू नीट उगवायचे तर तिच्यात ताजं रक्त मिसळावं लागतं, आणि ते मेंढीचं असेल तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त ओतून भागवायचे. बाईंना ते पटायचं नाही. "त्या रक्तात कुणी काय औषध खाल्लंय ते आपल्याला ठाऊक आहे का? मग जंतू उगवला नाही, तर तो औषधाला भ्यायला का आपल्या रक्ताला भ्यायला, कसं सांगणार?" त्यांनी एका धनगराला गाठून एक चांगली धट्टीकट्टी मेंढी आणली आणि लॅबच्या मागे बांधली. ट्रस्टी लोकांनी नाकं मुरडली. बाई स्वतः तिच्या मानेची लोकर कातरायच्या, गोंजारत गोंजारत थोडंसं रक्त काढायच्या आणि मी ते काचेचे मणी घातलेल्या बाटलीत गोठू नये म्हणून हलवत बसायचो. आमचा हेडक्लार्क रोज विचारायचा, "मॅडम, पांढरा रस्सा कधी?" एक दिवस बाई त्याच्या टेबलापाशीच गेल्या. म्हणाल्या, "मेंढीवर डोळा ठिवलासा तर तुमचंच रगात काढून प्लेटा ओतीन. तुमच्यात तर तिच्यापेक्षा जास्त निघंल." सगळं ऑफिस हसलं. तो पुन्हा मेंढीच्या वाटेला गेला नाही, उलट घरून भाजीचे देठ आणून घालायला लागला.

दुसरा त्यांचा छंद म्हणजे लोकांना खोकायला शिकवणं. वॉर्डातून डबीत नुसती थुंकी आली की त्या परत पाठवायच्या. "ही तोंडातली थुंकी आहे. मला छातीतलं पाहिजे." पुन्हा थुंकीच आली तर स्वतः वर जायच्या. एकदा गारगोटीकडचा एक म्हातारा, लाजून लाजून खाकरत होता. बाई त्याच्यासमोर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या. "आजोबा, शड्डू ठोकताना जोर कुठनं काढता?" म्हातारा म्हणाला, "प्वाटातनं." "मग खोकताना घशातनं कशाला काढताय? बघा माझ्याकडं." आणि बाईंनी असा खोकला काढून दाखवला की शेजारच्या वॉर्डातली माणसं धावत आली. म्हातारा खूश झाला आणि त्यानं पोटातनं जो खोकला काढला, त्यात डबी भरली. बाईंनी ती उजेडाला धरून बघितली आणि म्हणाल्या, "आता कसं! हे खरं सोनं." नर्सिंगच्या पोरी तोंडं फिरवून उभ्या होत्या.

या सगळ्यामागे बाईंचा एकच हट्ट होता, आधी बेडका, मग सुई. कुठलंही अँटिबायोटिक टोचण्याआधी नमुना घ्या. प्लेटेवर जंतूंचं गवत उगवतं, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती गवत उगवत नाही, मोकळं रिंगण पडतं, ते औषध त्या जंतूला लागू. जिच्या अगदी कडेपर्यंत गवत येतं, ते औषध त्याच्यासाठी पाणी. हे कळायला मध्ये एक-दोन दिवस जातात, आणि आमच्या आय.सी.यू.च्या डॉ. इंगवल्यांना तेवढा दम नसायचा. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, मनानं लाख चांगला. पण पेशंटला ताप आला की हुकूम सुटायचा, "दोन्ही इंजेक्शनं चालू करा!" नमुना मागनं कधीतरी यायचा. मग प्लेटेवर काही धड उगवायचं नाही आणि बाईंचा पारा चढायचा.

"मुजावर, तुमचं गवत उगवेपर्यंत माझा पेशंट वर जाईल."

"मी थांबा म्हणतेय का, डॉक्टर? सुई मारा, खुशाल मारा. पण आधी नमुना घ्या. पदर खोचायला लागतो तेवढा वेळ लागतो."

"मला पदर नाही."

"तेच तर! म्हणून तुम्हाला वेळ कळत नाही."

हे भांडण आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. दोघंही मागे हटायचे नाहीत आणि दोघांचंही एकमेकांवाचून चालायचं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आय.सी.यू.त वाईट दिवस आले. श्वास देणारं मशीन आम्हाला नवं नवं मिळालेलं. त्याच्या जोरावर उचगावचा एक कामगार धनुर्वातातून बाहेर आला. झटके थांबले, डोळे उघडले, बायकोला ओळखलं. आणि मग छाती भरली, ताप चढला, गेला. त्याच्यामागून फवारणीचं औषध पोटात गेलेला एक जवान माणूस. विष उतरलं, तोही शुद्धीवर आला. पुन्हा छाती, पुन्हा ताप, तोही गेला. दोघांच्या प्लेटांवर तासगावचं पावणं.

बाईंनी दोन्ही प्लेटा खिडकीत शेजारीशेजारी ठेवल्या आणि मला बोलावलं. "बघा." मी बघितलं. दोन्हीकडे रिंगणं नाहीतच म्हणायला हरकत नाही. जी औषधं आम्ही सर्रास वापरायचो, त्या सगळ्या टिकल्यांच्या कडेपर्यंत गवत. फक्त एका नव्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल, दोन्हीकडे तंतोतंत सारखा.

"हे दोन पावणे नाहीत, चौगुले. एकच आहे. एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत गेलाय, किंवा दोघांना एकाच जागेवरून मिळालाय. धनुर्वात हरला, विष हरलं, आणि माणसं मेली कशानं? आपल्या घरच्या जंतूनं." लवंग त्यांनी दाताखाली कडकन फोडली. "मला हे सहन होत नाही. तिसरा जाऊ द्यायचा नाही."

आणि तिसरी आली. राधानगरीकडची आक्काताई, पंचविशीच्या आतबाहेरची. गवत कापताना नागानं डसलं. आणली तेव्हा पापण्या मिटलेल्या, श्वास बंद होत आलेला. इंगवल्यांनी तिला मशीनवर घेतलं, सर्पविषावरची लस दिली, आणि त्या माणसानं अक्षरशः तिला ओढून परत आणलं. पुढं गळ्याला भोक पाडून नळी घातली. ती डोळे उघडून बघायला लागली, हात दाबला तर दाबायची. तिचा नवरा दत्तू बाहेरच्या बाकावर बसून असायचा. येईल जाईल त्याला विचारायचा, "पावणं, बरं हाय न्हवं तिला?" अगदी झाडूवाल्यालासुद्धा.

आणि तिला ताप आला. नळीतून हिरवट घाण यायला लागली. या खेपेला इंगवल्यांनी स्वतः नमुना घेऊन माझ्या हातात दिला आणि मगच सुई मारली. दुसऱ्या दिवशी बाईंनी झाकण उचललं आणि वास घ्यायची गरजच पडली नाही, मलासुद्धा लांबून आला.

बाई त्या दिवसापासून पिसाटल्या. कापसाचे बोळे लावलेल्या काड्यांचा गठ्ठा घेऊन त्या आय.सी.यू.त शिरल्या आणि दिसेल तिथलं पुसून आणायला लागल्या. नळाची तोटी, बेसिन, मशीनच्या नळ्या, कॉटचे दांडे, नर्सेसचे हात. इंगवल्यांचा स्टेथोस्कोप घेतला तेव्हा ते ओरडले, "आता माझ्या खिशाचा पण नमुना घेणार काय?"

"घेणार की. कुठला खिसा, डावा का उजवा?"

सगळ्या प्लेटा आम्ही लावल्या. किरकोळ बरंच काही उगवलं, पावणं मात्र कुठं सापडेना. इकडे आक्काताईची छाती घरघरत होती. नवं औषध कोल्हापुरात मिळत नव्हतं. पुण्याच्या एका दुकानदारानं ते एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलं आणि मी स्टँडवर जाऊन ते घेऊन आलो. इंगवले म्हणाले, "याच्या जोडीला आधीची दोन्ही चालू ठेवतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "रिंगण एकालाच आहे. बाकीची दोन देऊन जंतूला तालीम द्यायची आहे का? आणि तिच्या मूत्रपिंडांवर भार टाकायचा तो वेगळा. एकच द्या, पुरेपूर द्या."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर तिच्या नवऱ्याला माझं नाव सांगा. मी खालीच असते."

इंगवल्यांनी केसपेपर ओढला आणि दोन्ही इंजेक्शनं खोडली. पण बाईंना चैन नव्हतं. "औषध एकीकडून जंतू मारणार आणि आपण दुसरीकडून रोज नवा भरणार. असं किती दिवस चालेल? जागा सापडलीच पाहिजे."

शेवटी त्यांनी काड्या खाली ठेवल्या आणि सकाळी सकाळी आय.सी.यू.च्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसत्या बसल्या. मी शेजारी उभा. आय.सी.यू. साळोखेसिस्टरांच्या ताब्यात. साळोखेसिस्टर म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांच्या फरशीवर जेवून घ्यावं अशी स्वच्छता. टेबलावर काचेची एक मोठी बरणी, तिच्यात जंतुनाशकाचं पिवळसर पाणी, आणि त्या पाण्यात पेशंटची घाण ओढून घ्यायच्या रबरी नळ्या बुडवलेल्या. साळोखेसिस्टरांनी नवं औषध कालवून आणलं आणि बरणीत ओतलं. बरणी पाऊणभर होती, ती काठोकाठ झाली.

बाई ताडकन उठल्या. "सिस्टर, ही बरणी रिकामी कधी करता?"

"रिकामी? रिकामी कशी करीन? रोज भरतो की आम्ही. एक दिवस चुकत न्हाय."

"भरता ते दिसतंय. पण ओतून, घासून, वाळवून?"

साळोखेसिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात भरलं भांडं तळाला लावत न्हाईत. मीठ असू दे, तांदूळ असू दे, थोडं शिल्लक ठेवायचं आणि त्यावर नवं घालायचं. आईनं लावलेली सवय. त्यात हे तर औषध. औषधाचं काय वाईट व्हायचंय?"

बाईंचीही आई तेच करत होती. मला नंतर त्यांनी सांगितलं, पिठाच्या डब्यात शेवटची मूठ अम्मी कधी काढू द्यायची नाही, बरकत जाते म्हणायची. आम्ही सगळं इस्पितळ पुसून काढलं होतं, पण त्या बरणीला हात लावला नव्हता. औषधाच्या बरणीत जंतू शोधणं म्हणजे पोलीस चौकीत चोर शोधण्यासारखं वाटलं होतं. बाईंनी लांब नळीनं अगदी तळाचं पाणी ओढलं आणि आम्ही खाली पळालो.

दुसऱ्या दिवशी प्लेट भरून पावणं. टिकल्या लावल्या, तर तेच एक रिंगण, तेवढंच. जुन्या औषधाची ताकद रोज कमी होत गेलेली, तळाशी साका धरलेला, आणि त्यात हा गडी ऐसपैस संसार थाटून बसलेला. रोज धुतलेल्या नळीबरोबर पेशंटच्या गळ्यात उतरत होता.

मला वाटलं, आता बाई वर जाऊन साळोखेसिस्टरांची सालटी काढणार. मी तयारीनंच मागे गेलो. पण बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, प्लेट टेबलावर ठेवली आणि आधी त्यांना बसवलं. साळोखेसिस्टर बघत राहिल्या. उभ्या हयातीत कुणी त्यांच्या वॉर्डाकडे बोट दाखवलं नव्हतं.

"म्हंजे मीच घातला व्हय हा सगळ्यांच्या गळ्यात?" आणि त्या पदर तोंडाला लावून हमसून रडायला लागल्या.

"तुम्ही एकट्या नाही," बाई म्हणाल्या. "मी रोज या बरणीशेजारून जात होते. औषध आहे म्हणून सोडून दिली. माझा धंदाच जंतू शोधायचा, आणि मलाच ती दिसली नाही. आता रडायला सवड नाही, सिस्टर. आत एक बाई जगायला बघतेय. उठा."

साळोखेसिस्टर उठल्या. डोळे पुसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती बरणी ओतली, तळासकट. घासली, उकळली, पालथी घातली. त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटची वेगळी बाटली, रोज सकाळी रिकामी, रोज कोरडी, रोज नवं औषध. कुणी वरून ओतताना दिसलं तर साळोखेसिस्टर अशा धावायच्या की बाईंना वर यायची गरजच उरली नाही. "घरात डबा भरलेला ठेव बाई, हितं न्हाय," हे त्यांचं पोरींना रोजचं सांगणं झालं.

बाई मात्र वर येतच राहिल्या. एरवी त्या पेशंटला बघायला कधी जायच्या नाहीत. त्यांची ओळख प्लेटेशी. पण आता रोज सकाळी स्वतः आक्काताईचा नमुना घ्यायला जायच्या, बाटलीतला रंग बघायच्या, तापाचा तक्ता बघायच्या आणि खाली येऊन कामाला लागायच्या. दुपारी लॅबच्या मागच्या खोलीत नमाज पढायच्या. एकदा मी भीतभीत विचारलं, "काय मागितलंत?" म्हणाल्या, "पावण्याला तासगावला परत धाड म्हटलं. लई दिवस राहिला." हसल्या नाहीत.

मग हळूहळू गवत विरळ झालं. एके दिवशी प्लेटेवर अगदी दोन-चार ठिपके. नंतर एक प्लेट कोरी आली. बाईंना खरं वाटेना, त्यांनी पुन्हा नमुना आणून पुन्हा लावला. तीही कोरी. दत्तू अजून बाकावर बसूनच होता आणि अजून झाडूवाल्याला विचारत होता.

पुढं काही वर्षांनी बाई सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. मीही ती नोकरी सोडली. नंतर भेट नाही, आणि बाईंना पत्र लिहायचा आळस. पण मला त्या आठवतात त्या आक्काताईची नळी काढली त्या दिवशीच्या. सकाळी निरोप आला तशा हातातली प्लेट अर्धवट टाकून वर गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बोलवायला गेलो.

इंगवल्यांनी नुकतीच नळी काढली होती. गळ्याच्या भोकावर साळोखेसिस्टरांनी कापसाची घडी दाबून धरली होती. "बोल गं, बोल. आता बोलता येतंय." दत्तू पायथ्याशी उभा, हात जोडून, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. आक्काताईनं ओठ हलवले. आधी नुसती हवा. मग घोगरा, फाटका आवाज आला.

"म्हसरांस्नी पाणी कोण दावतंय रं? का तू बी हितंच बसलाईस?"

"दावत्यात की, थोरल्या वैनी दावत्यात," दत्तू म्हणाला आणि भोकाड पसरून रडायला लागला. इंगवले खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मुजावरबाई कॉटच्या कडेला टेकल्या होत्या, चष्मा हातात, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी.

आक्काताईनं त्यांच्याकडे बघितलं. "ह्या कोण? ह्यास्नी काय झालं रडायला?"

साळोखेसिस्टर सांगणार होत्या. बाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं. "मी खालच्या लॅबातली. तुमचा आवाज ऐकायला आले."

"मग ऐका की," आक्काताई म्हणाली आणि जी सुरू झाली! म्हशी, वैरण, सासूचं दुखणं, भिजलेलं गवत कुणी झाकलं नसणार, दत्तूला काही जमत नाही. मी दारातून हळूच म्हणालो, "बाई, खाली प्लेटा तयार आहेत."

बाईंनी माझ्याकडे न बघताच हात केला.

"राहू द्या, चौगुले. ती बोलतेय."